२५० डॉलरचं थ्रीडीएस, रत्नागिरीच्या टेबलावर

दृश्य : मोबाईल दुरुस्तीचं टेबल. हात, निळा दिवा.

पॉवरचं बटण दाबलं की निळा दिवा लागतो, स्पीकरमधून बारीक ‘टप्’ आवाज येतो आणि दिवा विझतो. निन्टेंडो कंपनीचं थ्रीडीएस, म्हणजे हातात धरून खेळायचं दोन पडद्यांचं गेम मशीन, उघडणाऱ्यांच्या हा आवाज ओळखीचा. बॅटरी मेलेली असती तर एवढंही झालं नसतं. मशीन सुरू व्हायला निघतं, वरच्या पडद्याची किंवा कॅमेरा-स्पीकरची पट्टी, म्हणजे चपटी लवचिक केबल, जागेवर सापडत नाही, म्हणून माघार घेतं. बोर्ड गेला असं समजून चांगली मशीन इथेच भंगारात जातात.

हे मशीन अमेरिकेतलं. कुणाच्या तरी बॅगेतून रत्नागिरीला आलं, काही पावसाळे कपाटात पडून राहिलं आणि आता मारुती मंदिर परिसरातल्या या दुकानात आलंय.

दृश्य : बंद मशीन, मग उघडलेलं. दोन पडदे.

२६ फेब्रुवारी २०११ला जपानमध्ये थ्रीडीएस आलं ते २५,००० येनांना. महिन्याभरात अमेरिकेत, २४९ डॉलर ९९ सेंटला. चष्म्याशिवाय त्रिमिती चित्र, ही त्याची जाहिरात. मार्चअखेर ४० लाख विकायचे होते, ३६ लाख १० हजार गेले. एवढं ठीक होतं. पुढच्या तिमाहीत मात्र साऱ्या जगात मिळून ७ लाख १० हजारच. खेळच नव्हते हो! पहिल्या दिवशी मारिओचा नवा खेळ नाही, झेल्डाचा खेळ आला जूनमध्ये, आणि खेळ डाउनलोड करायचं ई-शॉप दुकानसुद्धा जूनमध्येच उघडलं. त्याच जूनमध्ये सोनीने आपल्या येणाऱ्या व्हिटा या हातातल्या गेम मशीनची किंमत जाहीर केली, २४९ डॉलर. कितीतरी ताकदवान मशीन, त्याच भावात.

२८ जुलैला निन्टेंडोने किंमत पाडली. ऑगस्टपासून जपानमध्ये १५,००० येन, अमेरिकेत १६९ डॉलर ९९ सेंट. सहा महिनेही झाले नव्हते. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. वर्षाच्या शेवटी आले मारिओ आणि मारिओ कार्ट, विक्री सावरली, तरी कंपनीला त्या आर्थिक वर्षात तोटा झाला, पण पुढे या घराण्याची साडेसात कोटींहून जास्त मशीन खपली.

यात मशीनचा दोष कुठे होता? आत बघू.

दृश्य : स्क्रू ड्रायव्हर, पाठीचं झाकण.

झाकणाला चार फिलिप्स, म्हणजे अधिकच्या खुणेसारख्या खाचेचे स्क्रू, डबल-झिरो मापाचे. डोकं मऊ असतं. ड्रायव्हर दाबून धरल्याशिवाय फिरवला तर खाच गुळगुळीत होते, आणि खारी हवा लागून गंजलेल्या स्क्रूची तर होतेच. आधी थेंबभर गंज सैल करणारं तेल, दहा मिनिटं थांबा, मग फिरवा.

बॅटरी चिकटवलेली नाही. नखाने उचलली की बाहेर. आजच्या मोबाईलवाल्यांनी हे दृश्य जरा परत पाहावं. १३०० एमएएचची सीटीआर-००३, हीच बॅटरी निन्टेंडोच्याच स्विच या मशीनच्या प्रो कंट्रोलरमध्येही बसते, त्यामुळे मिळायला अडचण नाही. फुगलेली असेल तर दाबून बसवायची नाही, बदलायची.

खालचं कव्हर सुटलं तरी झटक्यात ओढू नका. एल आणि आर बटणांची पट्टी त्याला आणि बोर्डाला दोन्हीकडे जोडलेली असते. ओढली की फाटली. चिमट्याने आधी ती सोडवायची.

दृश्य : बोर्ड अगदी जवळून. कनेक्टरवर हिरवट थर.

हा बघा गुन्हेगार. वरच्या पडद्याच्या पट्ट्या बिजागरीतून गुंडाळी होऊन खाली येतात आणि या कनेक्टरांत बसतात. हवेतलं मीठ ओलावा धरून ठेवतं, तांबं हिरवं पडतं, पट्टीचा संपर्क तुटतो. मशीन पाण्यात पडायची गरज नाही. भाट्याच्या खाडीवरचा वारा खिडकीतून येत असला तरी पुरतं.

तांदळाच्या डब्यात ठेवून उपयोग नाही. ओल जाईल, मीठ तिथेच राहील. आणि मीठ आयपीएमध्ये, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, जवळजवळ विरघळत नाही, इथे बरेच कारागीर फसतात. म्हणून बॅटरी काढलेली ठेवून आधी डिस्टिल्ड पाणी, मऊ ब्रशने, फक्त डाग असलेल्या जागी. त्यानंतर ९९ टक्क्यांचं आयपीए, ते पाण्याला सोबत घेऊन उडतं. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. कनेक्टरचं लॉक नखाने वर, पट्टी सरळ आत, लॉक खाली. तिरकी बसली की पुन्हा तोच ‘टप्’.

दृश्य : मशीन सुरू होतं. खालच्या पडद्यावर खेळांची चित्रं.

चालू झालं. आता वरच्या पडद्याच्या उजवीकडचा त्रिमितीचा स्लायडर वर सरकवा. वरच्या पडद्यात आडवे ८०० बिंदू आहेत, ४०० डाव्या डोळ्याला, ४०० उजव्या. पडद्याच्या रचनेतच बारीक उभ्या फटींचा एक थर आहे, तो प्रत्येक डोळ्याला आपापलं चित्र देतो. स्लायडर खाली केला की थर बंद. मान जरा हलली की चित्र दुहेरी होतं, ती बिघाडाची खूण नव्हे.

आणि ही चित्रं पाहा, गेमबॉय ॲडव्हान्स या निन्टेंडोच्या जुन्या मशीनचे खेळ. किंमत पडण्याआधी मशीन घेऊन ई-शॉपला जोडणाऱ्यांना निन्टेंडोने भरपाई म्हणून २० जुने खेळ फुकट दिले होते, त्यातले हे १०. थ्रीडीएसवर ते इतर कुणाला विकलेच नाहीत. म्हणजे हे मशीन पूर्ण किमतीचं.

ते खेळ एसडी कार्डात असले तरी त्यांचं कुलूप उघडणारी किल्ली या बोर्डात आहे. कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये घातलं तर काही दिसणार नाही. म्हणून ‘बोर्ड बदलून देतो’ म्हणणाऱ्याला नाही म्हणा. ई-शॉपवरची विक्री मार्च २०२३मध्ये थांबली आहे.

दृश्य : झाकण बंद. अडॅप्टर.

अडॅप्टरच्या पाठीवर १२० व्होल्टच लिहिलेलं असेल तर आपल्या २३०च्या प्लगला लावू नका. ४.६ व्होल्ट, ९०० मिलिॲम्प देणारा दुसरा घ्या. अमेरिकी मशीनला युरोपचं किंवा जपानचं थ्रीडीएस कार्ट्रिज चालत नाही, तेव्हा खेळ मागवतानाही बघून. पावसाळ्यात ठेवायचं असेल तर बॅटरी अर्धी भरून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि दोन महिन्यांनी एकदा काढून चार्ज करा.