दॉक-सनला कुणी विचारलं?

नमस्कार श्रोतेहो.

आज एका भांडणाविषयी बोलायचं आहे. ते झालं माझ्यात आणि माझ्या आईत, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये, रात्रीची जेवणं झाल्यावर. पण आमच्या आधी चार-साडेचार वर्षं हेच भांडण दक्षिण कोरियात घरोघर होऊन गेलं होतं. मुद्दा एकच, दॉक-सनचं लग्न कुणाशी व्हायला हवं होतं?

मालिकेचं नाव 'रिप्लाय 1988'. टीव्हीएन नावाच्या केबल वाहिनीवर 6 नोव्हेंबर 2015 ला ती सुरू झाली आणि 16 जानेवारी 2016 ला संपली. दर शुक्रवारी-शनिवारी एकेक भाग, असे 20 भाग. सोल शहरातल्या सांगमुन-दोंग भागातली एक गल्ली, त्या गल्लीतली पाच घरं आणि एकत्र वाढलेली पाच मुलं. संध्याकाळ झाली की या घरातून त्या घरात वाडगे भरभरून जायचे आणि येताना दुसरंच काही घेऊन यायचे. माझी आई चाळीत वाढलेली. पहिल्याच भागात ते बघून म्हणाली, "हे तर आमचंच." त्यानंतर इंग्रजी सबटायटल वाचून तिला मराठीत सांगायचं काम माझ्याकडे लागलं, ते शेवटपर्यंत.

पाच जणांत मुलगी एकच, दॉक-सन. जंग-ह्वान आणि तेक, दोघांचाही तिच्यावर जीव. मालिका सुरू होते तेव्हा आजची, चाळिशी ओलांडलेली दॉक-सन आपल्याला दिसते, शेजारी नवराही दिसतो. पण हा त्या मुलांपैकी कोण, ते सांगत नाहीत. दिग्दर्शक शिन वन-हो आणि लेखिका ली वू-जंग यांनी हा खेळ 2012 आणि 2013 मधल्या आधीच्या दोन 'रिप्लाय' मालिकांतही मांडला होता. त्यामुळे कोरियन प्रेक्षक तयारीचे होते. त्यांनी दोन पक्षच पाडले. नवऱ्याच्या बोलण्याची ढब, नजर, चिडणं, सगळं कुणाशी जुळतं ते ताडून बघायचे. जंग-ह्वानचं काम र्यु जुन-यॉलने केलं होतं, म्हणून 'काहीही होवो, नवरा र्युच' या कोरियन वाक्याचं आखूड रूप झालं 'ऑ-नाम-र्यु'. तेकवाल्यांचं उत्तर 'ऑ-नाम-तेक'. हे शब्द तिथे इतके रुळले, की मालिका न बघणाऱ्यालाही कळायचे.

मी र्यु पक्षाची. कारण सांगते. गच्च भरलेल्या बसमध्ये दॉक-सनला धक्के बसू नयेत म्हणून जंग-ह्वान तिच्याभोवती दोन्ही हात रोवून उभा राहतो. कॅमेरा त्याच्या हातांवर जातो, शिरा ताणलेल्या दिसतात. ती पाठमोरी, तिला काही दिसत नाही. पावसाच्या रात्री तो छत्री घेऊन वाट बघतो, ती आली की छत्री तिच्या हातात कोंबतो, लवकर येत जा म्हणून डाफरतो आणि निघून जातो. तिला वाटतं, हा चिडलाय. आपल्याला माहीत असतं.

श्रोतेहो, माझ्या मते सगळ्या हळहळीचं मूळ इथे आहे. जंग-ह्वानचं गुपित ठाऊक असलेली माणसं त्या गोष्टीत जवळजवळ नाहीतच. आहोत ते आपण. भागामागून भाग आपण ते पोटात बाळगतो आणि तिला सांगू शकत नाही. म्हणून तो हरतो तेव्हा आपल्यालाच अपराधी वाटतं. बाजूला राहिलेल्या नायकासाठी असा जीव तुटणं याला कोरियन प्रेक्षक चक्क एक आजार म्हणतात, आणि आपल्याकडची मुलंही हल्ली 'सेकंड लीड सिंड्रोम' सहज म्हणून जातात.

आई पहिल्यापासून तेकच्या बाजूने. तेक म्हणजे बादुक या पटावरच्या खेळातला अव्वल खेळाडू. पटासमोर भलेभले त्याला घाबरतात, आणि बाहेर त्याला बुटाची नाडी धड बांधता येत नाही. पार्क बो-गमने हे काम फार हळुवार केलंय. आई म्हणायची, "आई नसलेलं पोर आहे ते, त्याला घर हवं." मी म्हणायची, "दया आली म्हणून कुणी लग्न करतं का?" मग आम्ही दोघी गप्प, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

अठराव्या भागात निकाल लागला. दॉक-सन एका गाण्याच्या कार्यक्रमाला एकटीच गेलीय हे कळल्यावर जंग-ह्वान गाडी काढतो. वाटेत सिग्नलमागून सिग्नल लाल. पोहोचतो तर तेक आधीच तिथे, स्पर्धेतला डाव सोडून आलेला. जंग-ह्वान सिग्नलांना बोल लावत नाही. आपणच कचरलो, हे तो स्वतःशी कबूल करतो. मग मित्रांसमोर जेवणाच्या टेबलावर तो दॉक-सनला मनातलं सगळं सांगतो, पण थट्टा केल्यासारखं. अंगठी टेबलावर ठेवतो आणि शेवटी हसण्यावारी नेतो. मी त्या रात्री रडले. कोरियातले र्यु पक्षवालेही फार दुखावले होते. इतके भाग आमच्यापुढे त्याचं मन उघडं केलंत आणि नंतर त्याला वाऱ्यावर सोडलंत, ही त्यांची तक्रार मला आजही खरी वाटते. तरी शेवटच्या भागाला देशभरात सरासरी 18.8 टक्के प्रेक्षक मिळाले, केबल वाहिन्यांचा तोवरचा उच्चांक.

मात्र दुसऱ्यांदा मालिका बघताना मी पक्ष सोडला. आईच्या पक्षातही गेले नाही.

पहिला भाग आठवा. दॉक-सन मधली मुलगी. तळलेली अंडी थोरल्या बोराला आणि धाकट्या भावाला. हिला चालतं, असं घराने धरून चाललेलं. बोराचा वाढदिवस जवळ येतो म्हणून दोघींचा एकाच केकवर. त्या रात्री ती फुटते. मलाही अंडं आवडतं, हे तिला रडत ओरडून सांगावं लागतं. दॉक-सनचं काम करणाऱ्या हेरीने तो प्रसंग असा केलाय, की आईने सबटायटल सांगू नकोस अशी मला हातानेच खूण केली.

आता प्रेमाचं बघा. तेकला दॉक-सन आवडते हे कळल्यावर जंग-ह्वान मागे सरतो, मित्रासाठी. जंग-ह्वानच्या पाकिटात तिचा फोटो दिसल्यावर तेक मागे सरतो, तोही मित्रासाठी. दोघांचंही मन मोठं. पण तिला विचारतो कोण? मैत्रिणी म्हणतात, हा तुझ्यावर भाळलाय, की तिला तो आवडायला लागतो. कुणालातरी आपण हव्या आहोत याचंच तिला अप्रूप. फक्त पाचवा मित्र दोंग-र्‍योंग तिला थांबवतो आणि विचारतो, तुला कोण आवडतो ते सांग. हा प्रश्न पहिल्या वेळी मी कानाआड केला होता. आईनेही. आम्ही तर नवरा शोधत होतो!

हे आईला सांगितलं, तर ती बराच वेळ काही बोलली नाही. ती पण मधलीच. मग म्हणाली, "मला स्थळ सांगून आलं, तेव्हा तुझ्या मोठ्या मावशीला विचारलं होतं, मुलगा कसा वाटतो म्हणून." एवढंच बोलली आणि ताटं आवरायला उठली.

परवा तिचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि ठेवता ठेवता तिने विचारलं, "अगं, त्या पोराने टेबलावर ठेवलेली ती अंगठी नंतर कुणी उचलली गं?"

नमस्कार.