दोन तिकिटांचं पाकीट

[दृश्य: पोर्थमॅडॉग हार्बर स्टेशन, तिकीट खिडकी]

पत्राच्या पाकिटावर एक टपाल तिकीट आधीच लागलेलं आहे, रॉयल मेलचं, म्हणजे ब्रिटनच्या टपाल खात्याचं. खिडकीतून मिळतं ते दुसरं. त्यावर वाफेचं इंजिन आहे, रेल्वेचं नाव आहे आणि किंमतही आहे. पण हे तिकीट टपाल खात्याचं नाही. ते काढलंय उत्तर वेल्समधल्या फेस्टिनिऑग रेल्वेने, म्हणजे जेमतेम साडेतेरा मैलांच्या एका डोंगरी गाडीने.

हिशेब साधा आहे. टपालाचा पूर्ण दर भरायचा, वर रेल्वेचं शुल्क. रेल्वे आपल्या तिकिटावर आपला शिक्का मारते, पत्र पुढच्या गाडीने नेते आणि पलीकडच्या टोकाला टपालपेटीत टाकते. तिथून पुढे ते इतर पत्रांसारखंच पत्त्यावर जातं.

[दृश्य: अल्बमची पानं, जुनी हिरवी तिकिटं]

ही पद्धत 1891 ची. पत्रं पोचवण्याची मक्तेदारी टपाल खात्याकडे होती, आणि दिवसभर धावणाऱ्या गाड्या होत्या रेल्वे कंपन्यांकडे. घाईचं पत्र पुढच्याच गाडीने जावं म्हणून त्या वर्षी दोघांमध्ये करार झाला. शुल्क दोन पेन्स. कंपन्यांनी आपापली तिकिटं छापली, बहुतेक सगळी हिरव्या रंगात. करार करणाऱ्यांत अवाढव्य कंपन्या होत्या, आणि त्यांच्या रांगेत ही चिमुकली फेस्टिनिऑगही होती. जमवणाऱ्यांना ती हिरवी तिकिटं आजही खुणावतात. त्यांवर चित्र असं काही नाही, आकडा आणि कंपनीचं नाव, बस्स.

[दृश्य: गाडी सुटते, कॉब नावाचा बांध, दोन्हीकडे पाणी]

गाडी बंदर सोडते ती या बांधावरून. लांबी जवळपास मैलभर. विल्यम मॅडॉक्सने समुद्र हटवून जमीन मिळवण्यासाठी तो घातला, 1811 मध्ये पुरा झाला. रुळांतलं अंतर पाहा, दोन फुटांनाही अर्धा इंच कमी. आपली नेरळ-माथेरान गाडी दोन फुटांची, त्यामुळे माथेरानला गेलेल्या माणसाला हा डबा लगेच ओळखीचा वाटेल.

एवढी अरुंद रेल्वे इथे आली ती दगडासाठी. पाटीच्या दगडासाठी, म्हणजे पातळ पापुद्रे काढून छपरांवर घालतात त्या दगडासाठी.

[दृश्य: ब्लायनाय फेस्टिनिऑग, गावावर झुकलेले करड्या कपच्यांचे डोंगर]

हे ब्लायनाय फेस्टिनिऑग. गावामागे दिसतात ते डोंगर निसर्गाचे नव्हेत, टाकाऊ दगडाचे आहेत. एक टन चांगली पाटी निघायची तेव्हा दहाएक टन माल असा फेकला जायचा.

[दृश्य: जमिनीखालची दालनं, दिव्याचा झोत भिंतीवरून वर सरकतो]

इथे पाटीचा थर तिरका, डोंगराच्या पोटात उतरत गेलेला. म्हणून इथल्या बहुतेक खाणी जमिनीखाली गेल्या. कॅमेरा वर पाहतोय आणि छत सापडत नाही. अशा भिंतीवर खाणकामगार साखळीला लटकून काम करायचा. साखळीचं वरचं टोक खडकात ठोकलेल्या खिळ्याला, आणि खालच्या टोकाचे वेढे त्याच्या मांडीभोवती. दोन्ही हात सुरुंगाचं भोक पाडायला मोकळे. उजेड मेणबत्तीचा, आणि ती मेणबत्तीही त्याच्याच पैशाची.

[दृश्य: पाटी फोडणारा कारागीर, हातांचा क्लोजअप. आवाज मूळ ठेवावा.]

हे दृश्य आम्ही कापलं नाही. बघा नीट.

ठोकळा गुडघ्याला टेकवलाय. रुंद, पातळ छिन्नी कडेच्या बरोबर मध्यावर. लाकडी हातोडीचे दोन हलके ठोके, छिन्नीला जरासा पीळ, आणि दगड सरळ उकलतो. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा. मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन. नेहमी मधोमध, कारण दोन्ही बाजूंची जाडी सारखी नसेल तर फूट पातळ बाजूकडे पळते आणि माल वाया जातो. खाणीतला ओलावा दगडात असेपर्यंतच तो असा फुटतो. उन्हात वाळला की अडून बसतो.

त्यानंतर कडा छाटून माप. मापांची नावं झोकदार. 24 बाय 12 इंचांची पाटी म्हणजे डचेस, 20 बाय 10 ची काउंटेस, 16 बाय 8 ची लेडी. म्हणजे अंगभर धूळ घेऊन घरी जाणारा माणूस दिवसभर सरदारणी मोजत बसायचा. जर्मनीतलं हॅम्बुर्ग 1842 मध्ये जळालं आणि पुन्हा उभं राहिलं, तेव्हा तिथल्या छपरांवर वेल्सच्या पाट्या चढल्या.

[दृश्य: उताराची गाडी, पाट्यांनी भरलेल्या वाघिणी, इंजिन नाही]

इंजिन शोधू नका, ते नाहीच.

ही रेल्वे 1836 मध्ये सुरू झाली तेव्हा वाफेचा इथे पत्ता नव्हता. जेम्स स्पूनरने मार्ग असा आखला की खाणीपासून बंदरापर्यंत सतत उतार मिळावा. भरलेल्या वाघिणी आपल्याच वजनाने खाली यायच्या. ब्रेक सांभाळणारी माणसं मालावरच बसायची आणि वाघिणीवरून वाघिणीवर जात ब्रेक आवळायची, सोडायची. रिकाम्या वाघिणी वर ओढायला घोडे. वर जायला सहाएक तास, खाली यायला दीड. आणि परतीच्या प्रवासात घोडे गाडीत! त्यांच्यासाठी वेगळी वाघीण असायची, तिच्यात उभं राहून गवत खात ते बंदराकडे यायचे. या रेल्वेच्या एखाद्या तिकिटावर मी स्वतः कुणाला जागा दिली असती तर त्या घोड्याला.

पुढे माल इतका वाढला की घोडे पुरेनात. 1863 मध्ये इंजिनं आली, 1865 पासून उतारूही बसू लागले. एवढ्या अरुंद रुळांवर वाफेचं इंजिन चालेल का, अशी शंका तेव्हा जाणकारांनाही होती. उत्तर द्यायला 1869 मध्ये ‘लिटल वंडर’ आलं, रॉबर्ट फेअर्लीच्या पद्धतीचं, दोन्ही टोकांना तोंड असलेलं.

[दृश्य: दुतोंडी फेअर्ली इंजिन स्टेशनात शिरतंय]

तिकिटांवर सगळ्यात जास्त शोभतं ते हेच दुतोंडी धूड. मधोमध चालक, दोन बाजूंना दोन चिमण्या, आणि चाकांचे दोन वेगळे संच, त्यामुळे वळणावर अंग मुडपून जातं. 1870 मध्ये त्याच्या चाचण्या पाहायला रशियातून शिष्टमंडळ आलं होतं. तरीही भरलेला माल उताराने खाली सोडण्याची रीत 1939 पर्यंत टिकली. फुकटचा उतार कोण सोडतं?

1898 च्या सुमारास वेल्सचा पाटीधंदा शिखरावर होता, कामगार सतरा हजारांच्या घरात. पुढे संप, युद्धं, स्वस्त कौलं, आणि धंदा बसला. धुळीने छाती गेलेल्यांना भरपाई देणारा कायदा व्हायला 1979 साल उजाडलं.

[दृश्य: झुडपांत हरवलेले रूळ, कृष्णधवल]

फेस्टिनिऑग 1946 मध्ये पूर्ण थांबली. रूळ तसेच गवताखाली राहिले, कारण रेल्वे रीतसर मोडायची तर संसदेचा कायदा लागला असता.

[दृश्य: टॅलिलिन रेल्वे, टायविन वॉर्फ स्टेशन]

जरा दक्षिणेला टॅलिलिन रेल्वे. तीही पाटीच्या खाणीसाठीच टाकलेली, ब्रिनेग्ल्विसच्या. मालक 1950 मध्ये वारले, तेव्हा ती बंद पडू नये म्हणून काही हौशी माणसं पुढे आली. 1951 पासून स्वयंसेवकांनी ती चालवायला घेतली. जगात असं पहिल्यांदाच घडत होतं. पैसा कमी, डबे मोडके, रूळ गवतात. आणि याच मंडळींनी 1957 मध्ये जुना करार उकरून रेल्वेचं पत्र-तिकीट पुन्हा काढलं. फेस्टिनिऑगने 1969 मध्ये तोच रस्ता धरला. तिकिटातून चार पैसे मिळतात, हा भाग आहेच. पण गाडी माणसांखेरीज काही वाहून नेते, याचा त्यांना अभिमान होता असं मला वाटतं.

[दृश्य: डोंगरात वळसा घेऊन स्वतःवरूनच जाणारा रूळ]

फेस्टिनिऑगची पहिली छोटी फेरी 1955 मध्ये सुटली, फक्त बांधापुरती. वरचा मार्ग तोवर वीज प्रकल्पाच्या जलाशयासाठी ठरला होता, पुढे तो पाण्याखाली गेला. मग स्वयंसेवकांनी डोंगर फोडून नवा वळसा काढला, बोगद्यासकट. ब्लायनायला गाडी पुन्हा पोचली 1982 मध्ये.

[दृश्य: रॉयल मेलची मिनिएचर शीट, 2014]

खुद्द रॉयल मेलने 2014 मध्ये वेल्सच्या इंजिनांची चार तिकिटं एका छोट्या कागदावर, म्हणजे मिनिएचर शीटवर, काढली. त्यातलं हे एक, ‘ब्लांश’. हन्स्लेट कंपनीने 1893 मध्ये पेनरिन खाणीच्या रेल्वेसाठी बांधलेलं इंजिन, आता फेस्टिनिऑगवर. नाव मालकाच्या घराण्यातलं. त्याच मालकाच्या खाणीत 1900 ते 1903 असा तीन वर्षं संप चालला आणि ‘या घरात गद्दार नाही’ असे फलक बेथेस्डा गावच्या खिडक्यांत लागले. शीटवर अर्थात इंजिनच आहे, आणि देखणं आहे.

[दृश्य: खाणी, रेल्वे आणि बंदर, ड्रोनमधून]

जुलै 2021 मध्ये युनेस्कोने वायव्य वेल्सचा हा पाटीचा सगळा मुलूख जागतिक वारसा ठरवला. फेस्टिनिऑगच्या खाणी आणि त्यांची रेल्वे त्यात आहेत. टॅलिलिनही आहे.

[दृश्य: ब्लायनाय स्टेशन, पत्र टपालपेटीत]

तिकिटं जमवणाऱ्यांत दोन पंथ. एकाला कोरं हवं, मागचा डिंकही न दुखावलेला. दुसऱ्याला पत्रावरून आलेलं. आम्ही दुसऱ्या पंथाचे. कोरं तिकीट घरबसल्याही मागवता येतं. पाकिटावर रेल्वेचा आणि टपालाचा असे दोन्ही शिक्के हवे असतील, तर मात्र पत्र लिहावं लागतं आणि गाडी सुटायच्या आत खिडकीवर द्यावं लागतं.