पाळणाघर : एक आठवडा

(दृश्य : मुलांचा वॉर्ड. विद्यार्थिनी एका बाळाच्या कानाशी घंटी वाजवते. बाळ मान वळवतं.)

निवेदन :

घंटी वाजली, मान वळली. तक्त्यावर एक खूण झाली. हा त्रिवेंद्रमचा विकास तपासणी तक्ता. दोन वर्षांपर्यंतच्या मुलाची वाढ वेळेवर होते आहे का, हे त्यावरून बघतात. एकूण 17 गोष्टी, सगळ्या साध्या. बाळ ओळखीचं हसतं का, फर्निचरला धरून उभं राहतं का, आधाराशिवाय चालतं का, बाहुलीचे डोळे-नाक दाखवतं का.

तक्ता भरणारी विद्यार्थिनी एमएस्सी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. विषय बालआरोग्य परिचर्या, कॉलेजच्या भाषेत पीडिया. तिला स्वतःला दोन मुलं आहेत. थोरली साडेचार वर्षांची, धाकटा 14 महिन्यांचा. धाकटा आधाराशिवाय चालू लागला तेव्हा ती पोस्टिंगवर, म्हणजे वॉर्डातल्या प्रशिक्षणावर होती. सासूबाईंनी व्हिडिओ पाठवला, तो तिनं लिनन रूममध्ये उभ्या उभ्या पाहिला.

नाव सांगायचं नाही, असं तिनं आधीच बजावलंय. कॉलेजचंही नाही. "अजून दीड वर्षं तिथंच काढायचंय मला."

(दृश्य : एसटी स्टँड, सकाळ. खांद्याला सॅक, हातात गुंडाळलेला चार्ट पेपर.)

हे शिक्षण नेमकं याच वयात का येतं, याचं गणित सरळ आहे. बारावीनंतर जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, केली तर तीन वर्षं. मग नोकरी. मग पदविकावाल्यांसाठीचं दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी. सरळ बीएस्सी केलं तर चार वर्षं आणि त्यावर एक वर्षाचा अनुभव. एमएस्सीच्या दारात पोचेपर्यंत पंचविशी येते किंवा ओलांडलेली असते. घरच्यांनी तोवर लग्न लावून दिलेलं असतं आणि लग्नानंतर दुसऱ्या वर्षी "काय, काही बातमी?" सुरू झालेलं असतं. शिक्षण आणि बाळंतपण इथं एकाच फलाटावर येऊन उभं राहतं.

मग एमएस्सी करायचीच कशाला? वॉर्डातली नोकरी तर आहे. तिचं उत्तर असं, की वॉर्डात राहिलं तर नाइट कधी सुटत नाही. नर्सिंग कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर एमएस्सी लागतेच, आणि तिथं संध्याकाळी घरी येता येतं. मुलांना पुढं वेळ मिळावा म्हणून आत्ता दोन वर्षं त्यांच्यापासून लांब राहायचं, हा सौदा तिनं हिशेब करून केलाय.

(दृश्य : स्वयंपाकघराची फरशी. तिच्यावर पसरलेला चार्ट, स्केचपेनं, थोरली मुलगी.)

दोन वर्षं म्हणजे किती, ते अभ्यासक्रमात तासांनी मोजून दिलंय. पहिल्या वर्षी मुख्य विषयाचं प्रात्यक्षिक 650 तास. दुसऱ्या वर्षी 950 तास. शिवाय संशोधनाचे 300. हे झाले कागदावरचे तास. केअर प्लॅन लिहिणं, केस प्रेझेंटेशनची तयारी, लॉगबुकवर सही मिळावी म्हणून मॅडमच्या केबिनबाहेर उभं राहणं, सेमिनारसाठी तक्ते रंगवणं यात धरलेलं नाही. थोरलीनं एकदा लसीकरणाच्या चार्टवर जांभळा हत्ती काढला. चार्ट तसाच वर्गात गेला. मार्क कापले नाहीत, असं ती हसत सांगते.

खरी पाचर मारलेली आहे ती हजेरीत. परीक्षेला बसायचं तर प्रत्येक विषयात थिअरीला 80 टक्के, प्रात्यक्षिकाला 80 टक्के. पदवी मिळण्याआधी प्रात्यक्षिकाचा खाडा भरून काढून 100 टक्के. आणि गैरहजेरीचं कारण काहीही असो, हेही भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमात आलंय.

हा नियम सरसकट चुकीचा आहे, असं आम्ही म्हणणार नाही. नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात जिनं कमी दिवस भरले, तिच्या हाती आपलं बाळ द्यायला कोण तयार होईल? पण हीच बाई शासकीय सेवेत कामावर असेल तर तिला मूल 18 वर्षांचं होईपर्यंत मिळून 180 दिवसांची बालसंगोपन रजा आहे. महाराष्ट्रात ती 2018 साली लागू झाली. तीच बाई विद्यार्थिनी म्हणून बाकावर बसली की हजेरीपटाला तिचं मूल दिसत नाही. धाकट्याला ताप आला तर तो दिवस सुट्टीत पुन्हा भरायचा.

बाळंतपणापुरती थोडी हालचाल झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं डिसेंबर 2021 मध्ये विद्यापीठांना कळवलं, की पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींनाही प्रसूती रजा आणि हजेरीत सवलत देण्याचे नियम करा. 2023 साली एमएडच्या एका विद्यार्थिनीला हजेरीसाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. न्यायालयानं तिच्या बाजूनं कौल दिला. पण मूल जन्मल्यानंतरही मूलच असतं. त्याचे दात येतात, जुलाब होतात, पाळणाघर बंद असतं. त्याची सवलत तिच्या हजेरीपटात नाही.

(दृश्य : अभ्यासक्रमाचं पान. बोट एका ओळीवर थांबतं.)

पाळणाघराचं निघालंच आहे तर हे बघा. बालआरोग्य परिचर्येच्या पहिल्या वर्षाच्या पोस्टिंगचा तक्ता. मुलांचा मेडिकल वॉर्ड, चार आठवडे. सर्जिकल वॉर्ड, चार आठवडे. नवजात अतिदक्षता, चार आठवडे. आणि खाली : पाळणाघर, एक आठवडा. तिथं जाऊन इतरांची मुलं कशी सांभाळतात, काय खातात, कशी झोपतात, याची निरीक्षणं लिहायची. तिनं ती लिहिली. त्या आठवड्यात तिचा धाकटा घरी आजीच्या पायांवर होता.

50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं, हा नियम 2017 च्या सुधारणेनं मातृत्व लाभ कायद्यात आला. विद्यार्थिनी कर्मचारी नसते. होस्टेलवर मूल चालत नाही. उरतं कोण? सासू, आई, नाहीतर जाऊबाई.

पुस्तकातही हे प्रकरण आहे. दवाखान्यात आईपासून तुटलेलं लहान मूल आधी रडून आकांत करतं, मग खचून गप्प होतं आणि शेवटी आईकडं पाठ फिरवून शांत दिसू लागतं. रॉबर्टसन आणि बोल्बी या ब्रिटिश अभ्यासकांनी मांडलेल्या या तीन पायऱ्या परीक्षेत हमखास येतात. आम्ही विचारलं, हे वाचताना काय वाटतं? ती म्हणाली, "काही वाटायला वेळ कुठाय? पाठ केलं. पण नाइट पोस्टिंगवरून आले की धाकटा माझ्याकडं येतोय का आधी आईंकडं जातोय, हे बघते मी."

(दृश्य : जुन्या नर्सिंग स्कूलची इमारत, रिकामा जिना.)

परिचारिकेला मागं घरदार नसतंच, अशा समजुतीवर हा पेशा बराच काळ चालला. पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी शंभर वर्षांपूर्वी बायकांना ससूनमध्ये परिचर्या शिकायला पाठवलं, त्यांत विधवा होत्या. लष्कराच्या परिचर्या सेवेत तर लग्न केलं म्हणून 1988 साली एका लेफ्टनंटला घरी पाठवलं होतं. लग्न केलं तर सेवेतून काढायची ही लष्करी सूचना 1995 मध्ये मागे घेतली गेली. सर्वोच्च न्यायालयानं त्या अधिकाऱ्याला 60 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला फेब्रुवारी 2024 मध्ये. म्हणजे 36 वर्षांनी.

आजच्या वर्गात लग्न झालेल्या मुली सर्रास आहेत. वेळापत्रक मात्र त्या जुन्या, एकट्या नर्सचंच आहे. पैसे न लागणाऱ्या गोष्टीही अडून राहतात. नाइट पोस्टिंगचं वेळापत्रक महिनाभर आधी लावलं, तर नवऱ्याला एमआयडीसीतली शिफ्ट बदलून घेता येते. तिच्या कॉलेजात ते शनिवारी लागतं आणि सोमवारी सुरू होतं.

(दृश्य : ओसरी. सासूबाई नातवाला भरवताहेत.)

सासूबाईंची बोलायला हरकत नव्हती. "तिची हजेरी कॉलेजात मांडत्यात. माझी कोण मांडतंय?" एवढं म्हणून त्यांनी पुढचा घास भरवला. मऊ भात, त्यावर तूप. सुनेनं प्रबंधाला विषय घेतलाय तो हाच : सहा महिन्यांनंतरचा पूरक आहार आणि मातांचं ज्ञान. नमुना 60 माता. घरातली आजी त्यात बसत नाही.

दोघींचं पुढचं वेळापत्रक ठरलंय. माहितीचं संकलन मे महिन्यात, कारण तेव्हा थोरलीच्या शाळेला सुट्टी असते आणि दोन्ही मुलांना घेऊन आजी लेकीकडं जाऊ शकते. सासूबाईंचा डावा गुडघा बदलायला सांगितलाय. ऑपरेशनची तारीख दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतरची घेतली आहे. त्यानंतरचे सहा आठवडे ड्रेसिंग, व्यायाम, वॉकर, सगळं सून बघणार. "घरातच एमएस्सी झालेली नर्स असल्यावर बाहेरची कशाला?" सासूबाई म्हणतात.