नवं धनुष्य आणि बिनपिसांचे दोन बाण

श्रोतेहो, नमस्कार.

नवं धनुष्य हातात आलं की पहिला बाण सुटताच माणूस लक्ष्याच्या मध्याकडे धावतो. बाण तिथे नसला की तोंड वाकडं, आणि बिचाऱ्या धनुष्याला नावं! मी बोलतोय ते साध्या बांबूच्या धनुष्याबद्दल, आपल्याकडच्या तिरंदाजी स्पर्धांतल्या 'इंडियन राउंड' या प्रकारात ३० आणि ५० मीटरवर चालतं त्याबद्दल. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले, पण ते कंपाउंड धनुष्यावर. त्याला चाकं असतात, नेम धरायला भिंग असतं. इथे बांबू, दोरी आणि आपली बोटं.

आधी दोरी चढवा आणि धनुष्य लांबून बघा. वरचा आणि खालचा भाग बेताचा, सारखा वाकलाय ना? मग दहा पावलांवरून पन्नासेक बाण नुसते सोडा, नेमाचा विचारही नको. नवी दोरी ताणली जाते, धनुष्याच्या मुठीपासूनचं तिचं अंतर कमी होतं. ते आधी मोजा, नंतर पुन्हा मोजा. आणि बाण न लावता दोरी कधीही सोडू नका; बाणानं न्यायचा तो सगळा जोर बांबूच्या अंगावर येतो.

आता १८ मीटर. एकाच वजनाचे सहा बाण, प्रत्येकावर आकडा टाकलेला. मध्य विसरा, बाण एकमेकांजवळ बसतात का ते बघा. सगळे डावीकडे, पण मुठीएवढ्या जागेत? धनुष्य उत्तम आहे. चार नंबरचाच बाण दर वेळी बाहेर जातो? मग दोष त्या बाणाचा. सगळेच विखुरले तर आधी स्वतःवर शंका घ्या, सकाळी ताज्या हातांनी पुन्हा मारा, जमल्यास दुसऱ्याच्या हातात द्या.

माझं सांगतो. माझे बाण डावीकडे जायचे. पंधरा दिवस मी बांबूला शिव्या घातल्या, तो तासायलाही निघालो होतो. शेवटी दोन बाणांची पिसं काढून मारले. बाण सुटताना सरळ जात नाही हो, मुठीला वळसा घालत, लवत लवत पुढे निघतो. मागची पिसं त्याला लवकर सावरतात, त्यामुळे चूक झाकली जाते. बिनपिसांचा बाण सगळं उघड करतो. माझे ते दोन्ही इतरांच्या बरेच डावीकडे रुतले. उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्याचा बाण असा गेला की समजावं, बाण गरजेपेक्षा ताठ आहे. उजवीकडे गेला तर जास्त लवचीक.

मित्राकडून जरा लवचीक बाण मागून आणले. त्याच धनुष्यानं, त्याच संध्याकाळी, सहापैकी पाच पिवळ्यात, म्हणजे लक्ष्याच्या अगदी मध्यात. तासायचा रंधा मात्र अजून कोपऱ्यात पडून आहे.