दहाव्या मैलापासून पुढे: महामार्गाला द्राक्षाचं नाव द्यायचं तर

नमस्कार, शेतकरी मंडळी.

नाशिकहून आग्रा रोडनं ओझरकडे निघालं की 'दहावा मैल' लागतो. मैल जाऊन किलोमीटर आले त्याला दोन पिढ्या झाल्या, पण ट्रकवाल्याला गाठायचं असेल तर आपण आजही "दहाव्या मैलावर थांब" असंच सांगतो. उलट याच रस्त्याचा सरकारी क्रमांक २०१० साली बदलला. जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ तुकड्यांत वाटला गेला आणि नाशिक ते धुळे हा आपला तुकडा राष्ट्रीय महामार्ग ६० झाला. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात "साठ नंबर कुठला?" म्हणून विचारून बघा. पत्ता सांगायला उपयोगी पडतं तेच नाव टिकतं. या पट्ट्याला द्राक्षशेतीच्या सन्मानाचं नाव द्यावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एवढं आधी मनात धरावं. हे काम कागदावर कसं करायचं, रस्त्यावर कसं उभं करायचं आणि कुठे फसतं, ते आज बघू.

पहिला प्रश्न: कुठून कुठपर्यंत? हौसेनं 'नाशिक ते धुळे' म्हणून टाकणं सोपं आहे. पण मालेगावच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षाचा मांडव शोधावा लागेल, आणि मग पाटी खोटी पडते. बागा दाट आहेत त्या कादवेच्या खोऱ्यात, म्हणजे ओझर, कोकणगाव, पिंपळगाव, शिरवाडे फाटा आणि वडनेर भैरवकडे वळणारा रस्ता. चांदवडच्या डोंगराजवळ आलं की कांद्याचं राज्य सुरू होतं. तेव्हा दहावा मैल ते फार तर चांदवडच्या अलीकडे एवढाच टप्पा धरावा. पाटीच्या जवळ गाडी थांबवून माणसानं आजूबाजूला बघितलं तर त्याला बाग दिसली पाहिजे. अमुक गाव नाराज होईल म्हणून टप्पा वाढवला, की नाव पातळ झालंच म्हणून समजा.

टप्पा गावांच्या नावांनी सांगून भागत नाही. बांधकाम खातं आणि महामार्ग प्राधिकरण कागदावर साखळी क्रमांक मागतात, म्हणजे 'किलोमीटर अमुक/०० ते तमुक/५००' असा. तिरक्या रेघेच्या डावीकडे किलोमीटर, उजवीकडे मीटर. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावरून आणि दर दोनशे मीटरला असलेल्या लहान दगडावरून तो काढता येतो. दगड बघाल तेव्हा त्याच्या डोक्याचा रंगही बघा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग. अर्ज कुणाच्या दारात न्यायचा ते या रंगावर ठरतं. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. राष्ट्रीय महामार्ग मात्र १९५६ च्या कायद्यानं केंद्राचा. तिथे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची मान्यता आल्याशिवाय नावाची पाटी ठोकली, तर ती नुसतं अतिक्रमण ठरते. २००२ च्या महामार्ग जमीन व वाहतूक नियंत्रण कायद्याखाली ती काढूनही टाकता येते. उत्साही मंडळांनी रातोरात उभारलेल्या कमानींचं पुढे काय होतं, हे सांगायला नको.

आता ठराव. ग्रामसभेला महामार्गाचं नाव ठरवायचा अधिकार नाही, ती फक्त मागणी करू शकते. तरीही सुरुवात तिथूनच करावी, कारण वरच्या प्रत्येक टेबलावर "स्थानिकांचं म्हणणं काय?" हा प्रश्न येतोच. गणपूर्ती मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी ती. आकडा छोटा आहे, तरी सभा तहकूब होतात, आणि कारण बहुधा तारीख हे असतं. सव्वीस जानेवारीला आपल्याकडे काढणी ऐन भरात असते. पॅकहाऊसला गाडी लागलेली, व्यापारी बांधावर उभा, अशा वेळी ग्रामसभेला कोण येणार? एक मेला खरड छाटणी, म्हणजे काढणीनंतरची छाटणी, नुकतीच झालेली असते आणि फुटींची विरळणी मागे लागलेली असते. पंधरा ऑगस्ट त्यातल्या त्यात मोकळा. काडी पक्व होत आलेली आणि गोडी छाटणीला, म्हणजे फळासाठीच्या छाटणीला, अजून अवकाश. नावाचा विषय त्या सभेच्या विषयपत्रिकेवर छापून घ्यावा. 'आयत्या वेळचे विषय' या सदरात घुसवलेला ठराव पुढे कुणीही हरकत घेऊन पाडू शकतो.

सगळ्या गावांच्या ठरावात नाव अक्षरशः एकच हवं. एका गावानं 'द्राक्ष मार्ग' लिहिलं, दुसऱ्यानं 'द्राक्षपंढरी महामार्ग', तिसऱ्यानं 'द्राक्ष बागायतदार मार्ग', तर वरचा कारकून तिन्ही ठराव एका फायलीत लावतो आणि 'एकवाक्यता नाही' असा शेरा मारून फाईल परत पाठवतो. म्हणून आधी मसुदा एक करावा, त्यात साखळी क्रमांक, नावाचं मराठी आणि इंग्रजी लेखन आणि पाट्यांचा खर्च कोण करणार हे घालावं, आणि मगच तो गावोगाव फिरवावा. पुढची वाट पंचायत समिती, जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा, जिल्हाधिकारी, मंत्रालय आणि तिथून दिल्ली. एक प्रत प्राधिकरणाच्या प्रकल्प संचालकांना आधीच द्यावी, कारण दिल्लीहून अभिप्राय शेवटी त्यांच्याकडेच मागवला जातो. खर्चाची ओळ फुकटची समजू नका. अमेरिकेत कॅलिफोर्नियाचं विधिमंडळ महामार्गाच्या तुकड्याला स्मरणार्थ नाव देतं, तेव्हा ठरावातच लिहितं की पाटीचे पैसे सरकारी तिजोरीबाहेरच्या देणगीतून जमले तरच पाटी लागेल. आपल्याकडे द्राक्ष उत्पादकांच्या कंपन्या आणि सोसायट्या आहेत, त्यांनी हा भार उचलला तर एक मोठी हरकत आपोआप गळते.

नाव कसं असावं? छोटं. 'द्राक्षबागायतदार शेतकरी गौरव महामार्ग' ही एकोणीस अक्षरं झाली. 'द्राक्ष मार्ग' ही चार. आता हिशेब करा. चौपदरी महामार्गावर मोटारीला ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे, म्हणजे गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. पाटी दिसणं, वाचणं आणि नजर परत रस्त्यावर आणणं याला चार सेकंद धरले तरी ११० मीटरवरून अक्षर लागलं पाहिजे. अक्षराच्या दर सेंटिमीटर उंचीला साधारण चार ते पाच मीटरवरून वाचता येतं. म्हणजे अक्षर २५ सेंटिमीटरच्या आसपास हवं, आणि ही उंची शिरोरेघेपासून खाली मोजायची, वरची वेलांटी किंवा रफार त्यात धरायचा नाही. इथेच रंगाऱ्यांचा घोटाळा होतो. ते मात्रेसकट उंची मोजतात आणि मूळ अक्षर बारीक राहतं. शिवाय 'द्रा' आणि 'क्ष' ही दोन्ही जोडाक्षरं. जाड ठशात रंगवली तर त्यांच्या आतल्या फटी बुजतात आणि लांबून नुसता गोळा दिसतो. ठसा मध्यम ठेवावा, अक्षरांत हवा ठेवावी. मराठी आणि हिंदी एकाच लिपीत असल्यामुळे देवनागरी ओळ एकच पुरते. खाली इंग्रजी ओळ दिली की झालं. एकोणीस अक्षरांचं नाव घेतलंत तर हाच हिशेब तुम्हाला भल्या मोठ्या फलकाकडे नेईल, आणि तो वाचायला चार सेकंद पुरायचे नाहीत.

अक्षरांच्या जोडीला घडाचं चित्र द्यावं. जर्मनीत १९३५ साली सुरू झालेला 'डॉइच वाइनश्ट्रासे' हा सुमारे ८५ किलोमीटरचा द्राक्ष-मद्य मार्ग आहे. तो जन्मला हिटलरच्या राजवटीत, न खपलेल्या वाइनला गिऱ्हाईक मिळवायला, त्यामुळे त्याचं कौतुक जरा जपूनच करावं. पण त्याच्या पाट्यांवर द्राक्षाचा घड असतो आणि जर्मन न येणाऱ्यालाही तो कळतो. आपल्या आग्रा रोडवर तर तमिळनाडूपासून पंजाबपर्यंतचे चालक असतात. सगळ्यांनाच देवनागरी येते असं नाही.

पाटी लावायची जागा. टोलनाक्यावर नको, तिथे आधीच पाट्यांचं जंगल असतं. उड्डाणपुलाच्या तोंडाशीही नको. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे द्राक्षं विकणाऱ्या टपऱ्यांच्या समोर तर मुळीच नको. ताशी १०० च्या वेगानं येणारी गाडी थांबायला रस्तेबांधणीच्या मानकांत १८० मीटर धरतात. पुढच्या माणसाला पाटी आणि टपरी एकदम दिसली, त्यानं ब्रेक दाबला, तर मागचा ट्रक थेट त्याच्यावर येतो. विक्री सर्व्हिस रोडवरच ठेवावी आणि पाटी सर्व्हिस रोडच्या फाट्याआधी १८० मीटरपेक्षा जास्त अंतरावर असावी. पाट्या किती? टप्प्याच्या दोन्ही टोकांना, दोन्ही दिशांना एकेक, अशा चार पुरतात. मध्ये पिंपळगावजवळ दोन वाढवल्या तर हरकत नाही, त्याहून जास्त लावल्या की कुणी बघत नाही.

निफाडची काळी जमीन खांबाची शत्रू. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पायावरचा खांब दोन वर्षांत कलतो. कललेल्या पाटीवर रात्री दिव्याचा झोत नीट परतत नाही, मग अक्षरं काळवंडलेली दिसतात आणि दोष पत्र्याला जातो. खड्डा काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत न्यावा, काँक्रीट मुरमावर बसवावं. मांडवाचे लोखंडी कोन रोवताना हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, पण ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात खड्ड्याची खोली आहे का, ते बघून घ्यावं. अॅल्युमिनियमचा पत्रा भंगारात जातो म्हणून चोरीला जातो. नटबोल्टवर वेल्डिंगचा एक टाका मारला तर तो निदान सहज निघत नाही. परावर्तक कागदाचं आयुष्य दर्जानुसार साधारण सात ते दहा वर्षं, पण धूळ बसली की त्याची चमक आधीच मरते. पाटी बागेला लागून असेल तर ब्लोअरचा फवारा तिच्यावर येतो, आणि बोर्डोचा (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाचा) चुना त्यावर पांढरट थर धरतो. तो घासणीनं खरवडू नये, कागदावर ओरखडे उठतात. साधा साबण, पाणी आणि मऊ फडकं.

नाव मिळाल्यावर एक जोखीम वाढते, तीही सांगून ठेवतो. 'नाशिक द्राक्षे' ही भौगोलिक मानांकनाखाली नोंदलेली ओळख आहे. 'द्राक्ष मार्ग' या पाटीखाली बाहेरून आणलेली पेटी 'नाशिकची' म्हणून विकली गेली, तर तो त्या कायद्याचा भंग आहे, आणि गिऱ्हाईक शिव्या घालतं ते आपल्याच गावाला. ज्यांचा माल खरा आहे त्यांनी मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंद करून घ्यावी. नोंदणी दहा वर्षांची असते, नंतर नूतनीकरण करता येतं. रस्त्याच्या नावानं सातबारा बदलत नाही, गटनंबर बदलत नाही, निर्यातीसाठीची बागेची नोंदही बदलत नाही. तेव्हा पाटी लागली म्हणून कागदपत्रांवरचा पत्ता बदलायला धावू नका. तिथे जुनंच राहू द्या. नवं नाव वापरायचं ते बोलण्यात, पेटीवरच्या चिठ्ठीवर आणि ट्रकवाल्याला फोनवर: "द्राक्ष मार्ग, कोकणगावच्या पुढे, डाव्या हाताला सर्व्हिस रोड घे."

पाट्या धुवायचं काम मात्र गावानं वाटून घ्यावं. वर्षातून दोनदा, पाऊस उघडल्यावर गोडी छाटणीच्या आधी एकदा, आणि काढणी संपल्यावर एकदा. शिडी, बादली, दोन माणसं. आणि वाहतुकीकडे तोंड करून लाल झेंडा धरायला तिसरा.