पहिला आठवडा उन्हाचा

श्रोतेहो, नमस्कार.

एप्रिल लागला की पुण्यात संध्याकाळच्या बातम्यांमध्ये सगळ्यांचं लक्ष एका आकड्याकडे असतं. आज शिवाजीनगरला किती? लोहगावला किती? २०१९ च्या एप्रिलअखेरीस शिवाजीनगरचा पारा ४३ अंशांपर्यंत गेला होता. हा आकडा सावलीतल्या हवेचा असतो, हे आपण बहुतेक वेळा विसरतो. वेधशाळेतल्या झडपांच्या पांढऱ्या पेटीत, वारा खेळता ठेवून तो मोजलेला असतो. तापलेलं डांबर, स्लॅबवरच्या सळ्या आणि डोक्यावरचं ऊन त्यात धरलेलं नसतं. आणि आज मला ज्याच्याविषयी बोलायचं आहे ते तर त्या पेटीत मावतच नाही. ते म्हणजे त्या उन्हात उभा असलेला माणूस कुठून आलाय आणि त्याला ऊन अंगावर घेऊन किती दिवस झालेत.

चाळीस अंश हे सगळ्यांना सारखे नसतात. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडच्या माणसाला मे महिन्यात चाळीस म्हणजे बरा दिवस. रत्नागिरीत पारा सदतिसावर गेला तरी जीव घाबरा होतो. इंग्लंडमध्ये १९ जुलै २०२२ रोजी कॉनिंग्जबी नावाच्या गावी ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं. त्या देशात पारा चाळिशीच्या वर जाण्याची ती पहिली वेळ, आणि त्या दिवशी तिथे रेल्वेगाड्यासुद्धा रद्द कराव्या लागल्या. आपलं हवामान खातंही हा फरक मानतं. उष्णतेची लाट जाहीर करताना मैदानी प्रदेशात किमान ४०, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश ही पायरी धरतात, आणि त्यावर त्या जागेच्या नेहमीच्या सरासरीपेक्षा तापमान किती वाढलंय हे पाहतात. त्या गावाला काय अंगवळणी पडलंय, याचा विचार त्या व्याख्येतच आहे.

मी कारखान्यांमधल्या कामगारांची तब्येत पाहणारा डॉक्टर आहे, त्यामुळे ‘अंगवळणी पडणं’ म्हणजे शरीरात नेमकं काय होतं हे मला रोज पाहायला मिळतं. आपलं शरीर बरंचसं माठासारखं गार राहतं. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी वाऱ्यानं उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण उडाला तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. मात्र तो उडाला पाहिजे. ठिबकून जमिनीवर पडलेल्या घामानं अंग गार होत नाही.

उन्हाची सवय नसलेला माणूस उन्हात कामाला लागला की त्याला घाम उशिरा सुटतो, आणि सुटतो तो खारट. नाडी धावायला लागते, कारण हृदयाला एकाच वेळी स्नायूंना रक्त पुरवायचं असतं आणि अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्वचेकडेही पाठवायचं असतं. हाच माणूस रोज थोडा थोडा वेळ उन्हात काम करत राहिला, तर चार-पाच दिवसांत बदल दिसू लागतो. रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, त्याच कामाला नाडी आधीइतकी धावत नाही. घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, आणि शरीर त्यातलं मीठ राखून ठेवायला शिकतं. एक ते दोन आठवड्यांत ही सवय बरीचशी पुरी होते. यात एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. ज्याला उन्हाची सवय झाली त्याला पाणी कमी लागतं असं नाही, जास्त लागतं, कारण तो जास्त घाम गाळतो. ‘मी काटक आहे, मला तहान लागत नाही’ असं सांगणारा कामगार भेटला की मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

हे ज्ञान आलं ते मरणांतून. दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणी गेल्या शतकाच्या सुरुवातीला खोल खोल जात होत्या. खाली खडकच तापलेला. त्यात धूळ बसवायला पाणी फवारायचे, म्हणून हवा ओलीचिंब. नव्यानं भरती झालेले खाणकामगार उष्माघातानं मरू लागले, तेव्हा डॉक्टरांच्या ध्यानात आलं की मरणाऱ्यांमध्ये नवखेच फार आहेत. मग नव्या माणसाला हलक्या कामापासून हळूहळू चढवायची पद्धत आली. पुढे जमिनीवरच तापलेल्या, दमट खोल्या बांधून तिथे काही दिवस काम करवून घेऊन मगच माणूस खाली सोडू लागले. त्यात खाणमालकांचा हिशेब होताच, पण त्या पद्धतीनं जीव वाचले.

आजही चित्र फार बदललेलं नाही. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याच्या म्हणण्याप्रमाणे, कामावर उष्णतेनं होणारे जवळजवळ निम्मे मृत्यू माणसाच्या कामाच्या पहिल्याच दिवशी होतात, आणि सत्तर टक्क्यांहून जास्त पहिल्या आठवड्यात. हा आकडा प्रत्येक मुकादमाला आणि सुपरवायझरला पाठ असला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

कारण आपल्याकडे पहिला आठवडा कुणाचा असतो बघा. मजूर अड्ड्यावर काल गावाकडून उतरलेला पोरगा आज सकाळी उभा राहतो, आणि दुपारी बाराला तो स्लॅबवर सळ्या बांधत असतो. नवा आहे म्हणून तो जास्तच जोर लावतो, कारण उद्या पुन्हा बोलावलं पाहिजे. दमलो म्हणायला तो लाजतो. दुसरा माणूस आणखी सहज नजरेतून सुटतो. भोसरी-चाकणच्या फोर्जिंगमध्ये आणि फाउंड्रीत भट्टीपुढे वर्षानुवर्षं काम करणारा जुना कामगार चैत्र-वैशाखात गावच्या जत्रेला जातो, घरच्या लग्नाला जातो, पंधरा-वीस दिवस राहून परत येतो आणि थेट भट्टीपुढे उभा राहतो. सगळे त्याला मुरलेला समजतात, तोही स्वतःला समजतो. पण उन्हाची सवय आठवडाभर मोडली की उतरू लागते आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक निघून जाते. अनुभव शिल्लक असतो, कौशल्य शिल्लक असतं, पण रक्तातलं वाढलेलं पाणी शिल्लक नसतं.

यावरचा उपाय साधा आहे आणि तो तपासलेला आहे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं किंवा भट्टीपुढचं काम नेहमीच्या पाचव्या हिश्श्याइतकंच द्यायचं, आणि रोज तेवढंच वाढवत न्यायचं. पाचव्या दिवशी तो पुऱ्या कामावर येतो. सुट्टीवरून परतलेल्या जुन्या माणसाला पहिल्या दिवशी निम्मं, दुसऱ्या दिवशी साठ टक्के, तिसऱ्या दिवशी ऐंशी, चौथ्या दिवशी पूर्ण. उरलेला वेळ तो सावलीतलं काम करेल. आणि मजुरी पूर्ण द्यायची. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अर्धी रोजी कापली जाणार असेल तर कुठलाही मजूर हा नियम पाळणार नाही, आणि त्याचा दोष त्याला देता येणार नाही. आखाती देशांत उन्हाळ्यात दुपारचं उघड्यावरचं काम कायद्यानं बंद असतं. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर, साडेबारा ते तीन. आपल्याकडे बिल्डरनं मनावर घेतलं तर स्लॅब भरायचं काम पहाटे किंवा रात्री उरकता येतं, आणि बरेच जण ते करतातही.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुला-मुलींनाही हेच सांगणं आहे. तुम्ही धडधाकट आहात म्हणून ऊन तुम्हाला सोडणार नाही. जोरात धावणाऱ्या तरुण शरीरात उष्णता फार वेगानं तयार होते. थंड हॉलमध्ये व्यायाम करून एकदम मैदानावर घड्याळ लावून धावायला जाऊ नका. आठ-दहा दिवस आधीपासून, कोवळ्या उन्हात, हळूहळू चढवत न्या. हिंजवडीत दिवसभर एसीत बसून रविवारी दुपारी सिंहगड चढणाऱ्यांचंही तेच. एसीत सवय लागत नाही.

आता हवेतला फरक. पुण्याचा एप्रिल कोरडा. कोकणातून शिकायला आलेली मुलगी इथे म्हणते, मला तर घामच येत नाही. घाम येत असतो, तो दिसायच्या आत उडून जातो. म्हणून ती पाणी कमी पिते, आणि दुपारी डोकं धरून बसते. उलट पुणेकर मे महिन्यात कोकणात जातो तेव्हा अंग निथळत असतं तरी गार होत नाही, कारण हवाच पाण्यानं भरलेली. कोरड्या उन्हात कमावलेली सवय दमट हवेत काही अंशी उपयोगी पडते, पूर्ण नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघातानं १४ जणांचा जीव गेला, तेव्हा त्या भागात पारा ३८ च्या आसपास होता. विदर्भात तो आकडा कुणी मनावर घेतला नसता. पण माणसं तासन्‌तास भर उन्हात बसून होती, आणि हवा खाडीकाठची होती. सवयीला हद्द असते, ती इथे येते. हवा पुरेशी दमट आणि तापलेली असली की कितीही मुरलेला माणूस असो, त्याचा घाम उडतच नाही.

विदर्भाचं नाव निघालं की आपण म्हणतो, ती माणसं उन्हाला पुरून उरतात. खरंय, पण निम्मी सवय त्यांच्या अंगात आहे आणि निम्मी त्यांच्या घरात. वाळ्याच्या ताट्या, कूलर, डोक्या-कानाला गुंडाळलेला दुपट्टा, सकाळी उरकलेली कामं आणि दुपारी ओस पडलेले रस्ते. तोच माणूस पुण्यात येऊन पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहतो तेव्हा अंगातली सवय तो सोबत आणतो, घरातली मागे राहते. यासाठी मला पुण्याच्या रात्रींची फार काळजी वाटते. साडेपाचशे मीटरहून थोड्या जास्त उंचीवरचं हे गाव, संध्याकाळी वारा सुटायचा आणि पहाटे पांघरूण घ्यावं लागायचं. शरीर दिवसाची झीज रात्री भरून काढतं, म्हणून ती गार पहाट पुणेकरांना उन्हाळाभर सांभाळत आली. पर्वतीच्या उतारावरच्या पत्र्याखाली आणि शहरभरच्या काँक्रीटमध्ये ती आता तितकी पोचत नाही. २००३ च्या ऑगस्टमध्ये युरोपात जी लाट आली, त्या उन्हाळ्यात ७० हजारांहून जास्त माणसं नेहमीपेक्षा अधिक दगावली. त्यात म्हातारी, एकटी राहणारी खूप होती, आणि पॅरिसमध्ये अगदी छपराखालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना धोका जास्त होता असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. अहमदाबादनं मे २०१० च्या लाटेत १३०० हून जास्त जादा मृत्यू पाहिले आणि २०१३ मध्ये उष्णतेशी लढायचा आराखडा केला. पुढे तिथे वस्त्यांमधली छपरं पांढरी रंगवायला घेतली. पत्र्यावर पांढरा चुना मारणं आपल्याही हातातलं आहे. गच्ची असलेल्यांनीही ते करावं.

काही जणांनी सवयीवर विसंबूच नये. साठी ओलांडलेल्यांना घाम कमी सुटतो आणि तहान उशिरा कळते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारे, मानसिक आजारांवरची काही औषधं घेणारे, यांनीही विसंबू नये. औषध आपल्या मनानं बंद करू नका, उन्हाळ्यापुरतं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा. घरातल्या आजी-आजोबांना ‘पाणी हवं का’ असं विचारू नका, हातात पेला द्या. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आपण पन्हं देतो, त्यात गूळ आणि मीठ दोन्ही असतं, आणि घाम गाळलेल्या शरीराला पाण्याबरोबर हेच लागतं. मीठ घातलेलं ताकही उत्तम. खिशातल्या कांद्यानं मात्र ऊन अडत नाही, तो जेवणात खा. पंख्याचंही लक्षात ठेवा. हवा चाळीसच्या वर गेली की नुसता पंखा अंगावर गरम वारा मारतो. तेव्हा अंग ओलं करून मगच पंख्याखाली बसा.

आणि शेवटी, डोळ्यांदेखत कुणी कोसळलं तर. उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, चिडचिड करू लागला, तर तो उष्माघात समजा. अंग कोरडंच असेल असं नाही, घामानं भिजलेलं असलं तरी समजा. आतलं तापमान चाळीसच्या पुढे गेलेलं असतं आणि प्रत्येक मिनिटाला मेंदू, मूत्रपिंड होरपळत असतात. तापाची गोळी देऊ नका, तिचा इथे उपयोग नाही. तो शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. एकानं १०८ ला फोन लावायचा आणि बाकीच्यांनी त्याला सावलीत ओढून, जाड कपडे काढून, मिळेल ते पाणी अंगावर ओतायचं. बांधकामावर क्युरिंगचा, म्हणजे काँक्रीटवर पाणी मारायचा पाइप असतो, टाकी असते, तेच वापरा. बर्फ असेल तर मानेला, काखेत, जांघेत लावा. गाडीत घालून दवाखान्याकडे पळायच्या आधी गार करायला सुरुवात झाली पाहिजे, आणि रुग्णवाहिका दारात येईपर्यंत पाणी थांबता कामा नये.

नमस्कार.