तक्रार नसलेल्यांची तपासणी

नमस्कार, श्रोतेहो.

"मला काहीच होत नाही, मग रक्त कशाला तपासायचे?" असे म्हणणाऱ्यांसाठीच आजचे हे बोलणे आहे. टाइप दोनचा मधुमेह अनेकांच्या अंगात वर्षानुवर्षे गुपचूप असतो. सारखी तहान, वारंवार लघवी, वजन उतरणे ही ओळखीची लक्षणे साखर बरीच चढल्यावर दिसू लागतात, आणि तोवर डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड किंवा पायांच्या नसा यांना इजा सुरू झालेली असू शकते.

सरसकट सर्वांचे रक्त काढण्याआधी काही साध्या प्रश्नांनी जोखमीची माणसे निवडता येतात. फिनलंडमध्ये तयार झालेल्या 'फिंडरिस्क' या प्रश्नावलीत असे ८ प्रश्न आहेत: वय, उंचीच्या मानाने वजन, कंबरेचा घेर, रोजची हालचाल, आहारातील फळे-भाज्या, रक्तदाबाची औषधे, पूर्वी कधी वाढलेली आढळलेली साखर आणि रक्ताच्या नात्यातील मधुमेह. गुणांची बेरीज १५ ते २० आली, तर पुढच्या १० वर्षांत साधारण तिघांपैकी एकाला मधुमेह होईल असा तिचा अंदाज आहे. मात्र आशियाई वंशाच्या लोकांमध्ये कमी घेरालाही जोखीम वाढते, त्यामुळे प्रश्नावली ज्या लोकांसाठी पारखलेली असेल, त्यांच्यासाठीच ती वापरलेली बरी.

या प्रश्नांत सर्वाधिक फसवाफसवी कंबरेच्या बाबतीत होते. मोजपट्टी लागताच पोट आपसूक आत जाते! शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, कपडा बाजूला करून, श्वास सहज सोडल्यावर माप घ्यावे. पँटचा नंबर सांगून भागत नाही, कारण पोट सुटले की पट्टा त्याच्याखाली सरकतो आणि नंबर तोच राहतो.

गुण जास्त आले म्हणजे मधुमेह झाला असे नव्हे. निदान रक्तावरच होते. उपाशीपोटी साखर दर डेसिलिटर रक्तात १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, अथवा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर सांगणारी तपासणी, ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आल्यास मधुमेह मानतात, पण लक्षणे नसतील तर दुसऱ्या तपासणीने खात्री करून घेतात. रक्तक्षय असल्यास एचबीएवनसी दिशाभूल करू शकते, हे डॉक्टरांना आधीच सांगावे. शिबिरात बोटाला सुई टोचून आकडा सांगायचा आणि पुढे कुठे जायचे ते सांगायचेच नाही, अशा तपासणीचा मला फारसा उपयोग वाटत नाही.

उपाशीपोटी १०० ते १२५ या पट्ट्यात, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, सापडलेल्यांना करण्यासारखे पुष्कळ असते. वाढत्या साखरेच्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, वजन ७ टक्क्यांनी उतरवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम करणे हे उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. या पट्ट्यातल्यांनी दरवर्षी रक्त तपासावे; ज्यांची साखर अगदी नेमस्त आली, त्यांनी किमान दर तीन वर्षांनी.